बुरशीपासून नैसर्गिक रंग कसा तयार होतो? आणि शिरूर कासारसारख्या तालुक्याला त्यातून काय मिळू शकतं?

बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली की काही तासांत लघवी गर्द पिवळी होते. अनेक जण घाबरतात, पण त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. तो रंग रायबोफ्लेविनचा, म्हणजेच बी-२ जीवनसत्त्वाचा असतो. शरीराला लागतं तेवढं घेऊन झालं की उरलेलं बाहेर टाकलं जातं.

हेच रायबोफ्लेविन खाद्यपदार्थांना पिवळा रंग देण्यासाठीही वापरतात. ते औद्योगिक पातळीवर ज्या मार्गांनी तयार होतं, त्यातला एक मोठा मार्ग बुरशीचा आहे. आणि ही बुरशी शास्त्रज्ञांना पहिल्यांदा सापडली ती कपाशीच्या बोंडात.

कपाशी हे बीड जिल्ह्याचं मुख्य नगदी पीक. बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेजवळचा, सिंदफणेच्या खोऱ्यातला शिरूर कासार तालुकाही याच पट्ट्यात येतो. कपाशी, बाजरी, तूर, अधूनमधून पडणारा दुष्काळ आणि दरवर्षी ऊसतोडीला बाहेर पडणारी कुटुंबं अशी या भागाची ओळख आहे. शेतमालाच्या टाकाऊ भागापासून काही मोलाचं करता येईल का, हा प्रश्न इथे फक्त अभ्यासापुरता नाही.

बुरशीपासून रंग हे त्याचं एक उत्तर म्हणून सांगितलं जातं. ते कितपत खरं आहे, हे समजून घेऊ.

बुरशी रंग का तयार करते?

बुरशी म्हटलं की शिळ्या भाकरीवरची पांढरी-हिरवी साय डोळ्यांसमोर येते. पण बुरशींच्या जगात पिवळा, केशरी, लाल, जांभळा, तपकिरी, काळा, इतकंच काय तर निळसर हिरवाही रंग सापडतो. यीस्ट आणि अळिंबीसुद्धा याच कुळातल्या.

हे रंग बुरशी स्वतःच्या कामासाठी बनवते. काळा मेलॅनिन तिला उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवतो. केशरी कॅरोटिनॉइड रंग पेशींची झीज रोखतात. काही रंगद्रव्यं शेजारच्या जीवाणूंना दूर ठेवतात.

यातले बरेचसे रंग बुरशी वाढीच्या काळात बनवत नाही. अन्न भरपूर असतं तोवर ती नुसती पसरते. अन्न कमी पडू लागलं, वाढ मंदावली, की मग अशी रसायनं तयार होऊ लागतात. शास्त्रज्ञ त्यांना दुय्यम चयापचयातली द्रव्यं म्हणतात. बुरशीचा रंग मिळवायला वेळ का लागतो, याचं कारण इथे आहे. आधी बुरशी वाढवायची, मग तिला रंगाकडे वळवायचं, असं हे दोन टप्प्यांचं काम आहे.

अशी रंगीत बुरशी ग्रामीण भागात अनेकांनी पाहिलेलीही असते. जळीत उसाच्या थुटांवर किंवा उकडलेल्या कणसाच्या टाकून दिलेल्या बुरकुंडावर कधीकधी केशरी पीठ शिंपडल्यासारखी बुरशी दिसते. ती न्यूरोस्पोराच्या जातींपैकी असू शकते. ही बुरशी आगीनंतर उगवण्यासाठी प्रसिद्ध आहे. तिच्यावर काम करूनच जॉर्ज बीडल आणि एडवर्ड टेटम या शास्त्रज्ञांनी जनुकं आणि विकरं यांचं नातं दाखवलं आणि १९५८ चं नोबेल मिळवलं. इंडोनेशियात याच कुळातल्या बुरशीने शेंगदाण्याची पेंड आंबवून 'ओंचोम' नावाचा केशरी पदार्थ करतात.

मराठी स्वयंपाकघरातही या जगातला एक पाहुणा आहे. गोडा मसाला आणि काळा मसाला यांत पडणारं दगडफूल फुलाच्या नावाने ओळखलं जात असलं तरी ते शैवाक आहे, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांची भागीदारी. दुसऱ्या काही शैवाकांपासून युरोपात शतकानुशतकं जांभळा रंग काढत. शाळेच्या प्रयोगशाळेतला लिटमस कागदही मूळचा शैवाकाच्या रंगाचाच. पण शैवाक वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं. ओरबाडलं तर संपतं. टाकीत वाढवता येणाऱ्या बुरशीचं महत्त्व त्यामुळेच आहे.

आज बाजारात कोणते रंग बुरशीपासून येतात?

ही कल्पना नुसती कागदावरची नाही. काही रंग कित्येक वर्षांपासून विकले जात आहेत.

पिवळा: रायबोफ्लेविन. ॲशब्या गॉसिपी ही बुरशी ॲशबी आणि नॉवेल या शास्त्रज्ञांनी १९२६ मध्ये वर्णन केली. ती वेस्ट इंडिजमधल्या कापसाचा रोग म्हणून पुढे आली. बोंडातला रस शोषणारे ढेकूण ती एका बोंडातून दुसऱ्या बोंडात नेतात आणि आतली रुई डागाळते. ही बुरशी गरजेपेक्षा कितीतरी जास्त रायबोफ्लेविन बनवते, असं लक्षात आलं आणि पिकाचा शत्रू कारखान्याचा कामगार झाला. बीएएसएफ ही जर्मन कंपनी १९९० च्या दशकापासून या बुरशीने मोठ्या प्रमाणावर रायबोफ्लेविन तयार करते. पूर्वी ते अनेक पायऱ्यांच्या रासायनिक पद्धतीने बनत असे. बुरशी आणि जीवाणूंनी ती पद्धत जवळपास मोडीत काढली.

केशरी: बीटा-कॅरोटीन. गाजराचा रंग. तो ब्लेकस्लिया ट्रायस्पोरा या बुरशीपासूनही मिळतो. या बुरशीचे दोन प्रकार असतात, एक 'धन' आणि एक 'ऋण'. वेगवेगळे वाढवले तर रंग बेताचाच. दोन्ही एका टाकीत सोडले की त्यांच्यातल्या संप्रेरकांमुळे रंगाचं प्रमाण झपाट्याने वाढतं. युरोपीय महासंघाने हा रंग खाण्यात वापरायला मान्यता दिलेली आहे.

गुलाबी: ॲस्टाझँथिन. पाळलेल्या सामन माशाचं मांस गुलाबी दिसावं म्हणून त्याच्या खाद्यात हा रंग मिसळतात. त्याचा एक स्रोत म्हणजे फॅफिया नावाचं यीस्ट. जपान आणि अलास्कातल्या झाडांच्या चिकट स्रावात ते सापडलं आणि हर्मन फॅफ या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाचं नाव त्याला मिळालं.

लाल: मोनॅस्कस. ही सगळ्यांत जुनी गोष्ट. चीनमध्ये शिजवलेल्या भातावर मोनॅस्कस बुरशी वाढवून गडद लाल तांदूळ तयार करण्याची परंपरा कित्येक शतकांची आहे. टोफू, मांस आणि तांदळाची दारू रंगवायला तो वापरतात. ही एकच बुरशी पिवळे, नारिंगी आणि लाल असे तीनही प्रकारचे रंग बनवते.

निळसर हिरवा: झायलिंडीन. क्लोरोसिबोरिया ही बुरशी कुजणाऱ्या लाकडाला पाचूसारखी छटा देते. युरोपातले जुने कारागीर लाकडी जडावकामात असं लाकूड मुद्दाम शोधून वापरत. हा रंग टिकाऊ आहे, पण बुरशी फार सावकाश वाढते. त्यामुळे तो अजून मुख्यतः प्रयोगशाळांत आहे.

रंग प्रत्यक्षात कसा बनवतात?

पहिली पायरी म्हणजे योग्य बुरशी. माती, कुजलेली पानं, झाडाची साल, शेण अशा ठिकाणचे नमुने घेऊन ते बटाटा आणि साखरेच्या आगरवर वाढवतात. रंगीत दिसणारी बुरशी वेगळी करून शुद्ध करतात. तिची ओळख सूक्ष्मदर्शकाने आणि डीएनएवरून पटवतात. ही पायरी टाळता येत नाही, कारण दिसायला सारख्या दोन बुरशींपैकी एक निर्धोक आणि दुसरी विषारी असू शकते.

दुसरी पायरी म्हणजे वाढ. त्याच्या दोन पद्धती आहेत.

एक, घन माध्यमावर. तांदूळ, बाजरी, मका किंवा गव्हाचा कोंडा ओलसर करून वाफेवर निर्जंतुक करतात आणि त्यावर बुरशी सोडतात. पाणी कमी लागतं, यंत्रं साधी असतात. अडचण ही की ढिगाच्या आत उष्णता साठते आणि सगळीकडे सारखी वाढ होत नाही.

दोन, द्रव माध्यमात. पोलादी टाकीत साखर, नत्र आणि क्षार घातलेलं पाणी, त्यात हवेचे बुडबुडे आणि फिरणारी पाती. इथे तापमान, हवा आणि सामू मिनिटामिनिटाला सांभाळता येतो. मोठे कारखाने हीच पद्धत वापरतात. बहुतेक बुरशींना २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवतं आणि रंग उतरायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात.

छोट्या बदलांनी रंग बदलतो. मोनॅस्कसमधला नारिंगी रंग नत्राच्या विशिष्ट संयुगांशी जोडला गेला की लाल होतो. म्हणजे बुरशी तीच, साखर तीच, पण नत्राचा स्रोत बदलला की टाकीतली छटा वेगळी. प्रकाश, सामू आणि हवा यांचाही असाच परिणाम होतो. रंगाच्या व्यवसायात प्रत्येक खेपेला तीच छटा द्यावी लागते. त्यामुळे हे नियंत्रण म्हणजे धंद्याचा कणा.

तिसरी पायरी म्हणजे रंग काढणं. बुरशीने रंग पाण्यात सोडला असेल तर गाळून मिळतो. पेशीच्या आत असेल तर पेशी फोडून इथेनॉलसारख्या द्रावकात उतरवावा लागतो. मग द्रावक उडवून, शुद्ध करून पूड करतात. बऱ्याचदा खर्चाचा मोठा भाग बुरशी वाढवण्यात नाही, तर या शुद्धीकरणात जातो.

चौथी पायरी म्हणजे तपासणी. रंगात विषारी द्रव्यं, जड धातू किंवा द्रावकाचा अंश उरला आहे का, हे पाहिल्याशिवाय तो विकता येत नाही.

कृत्रिम रंग स्वस्त असताना हा खटाटोप कशासाठी?

१८५६ मध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाच्या हातून क्विनाइन बनवताना जांभळा रंग तयार झाला. तिथून कृत्रिम रंगांचं युग सुरू झालं. १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली आणि भारतातली निळीची शेती काही वर्षांत कोसळली. कृत्रिम रंग स्वस्त, पक्के आणि दरवेळी सारखेच निघतात. कपड्यांचा जागतिक धंदा त्यांच्यावरच उभा आहे.

पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. यातले बहुतेक रंग खनिज तेलातून मिळणाऱ्या रसायनांपासून बनतात. कापड रंगवताना रंगाचा काही भाग धाग्याला न चिकटता सांडपाण्यात जातो. इचलकरंजीच्या कापड प्रक्रिया उद्योगाचं सांडपाणी आणि पंचगंगेचं प्रदूषण हा कोल्हापूर जिल्ह्यात वर्षानुवर्षं पेटलेला प्रश्न आहे. काही अझो रंगांचं विघटन होऊन कर्करोगाचा धोका असलेली अमाइन द्रव्यं तयार होतात. म्हणून जर्मनीने १९९४ मध्ये अशा रंगांवर निर्बंध आणले आणि भारतानेही १९९० च्या दशकात अनेक अझो रंगांवर बंदी घातली.

खाण्याच्या रंगांबाबत चिंता आणखी जवळची आहे. २०२४ च्या सुरुवातीला गोव्यात म्हापसा नगरपालिकेने गोबी मंचुरियनच्या गाड्यांवर बंदी घातली. त्यामागच्या कारणांत कृत्रिम रंगांचा वापरही होता. त्याच सुमारास तमिळनाडूने 'बुढ्ढी के बाल'वर बंदी आणली, कारण नमुन्यांमध्ये रोडामिन-बी हा कपडे रंगवायचा रंग सापडला. कर्नाटकनेही पाठोपाठ असं पाऊल उचललं. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने एरिथ्रोसिन या लाल खाद्यरंगाची मान्यता काढून घेतली.

वनस्पतींपासूनही रंग मिळतात, मग बुरशीच का? बिटाला, हळदीला, निळीला जमीन, पाऊस आणि हंगाम लागतो. बुरशी बारा महिने टाकीत वाढते. शिवाय शेतातल्या पिकापेक्षा टाकीतली खेप सारखी ठेवणं सोपं जातं.

नैसर्गिक आहे म्हणजे सुरक्षित आहे का?

नाही. समाजमाध्यमांवर 'नैसर्गिक' हा शब्द सुरक्षिततेच्या शिक्क्यासारखा फिरतो, आणि बुरशीच्या बाबतीत तो गैरसमज महाग पडू शकतो.

शेंगदाणा आणि मक्यावर वाढणारी ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी अफ्लाटॉक्सिन बनवते. ते पूर्णपणे नैसर्गिक आहे आणि यकृताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरू शकतं.

मोनॅस्कसचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. कित्येक शतकांच्या खाद्यपरंपरेत मुरलेल्या या बुरशीच्या काही जाती सिट्रिनिन नावाचं मूत्रपिंडाला घातक द्रव्य बनवतात, हे १९९५ मध्ये स्पष्ट झालं. याच बुरशीकुळात मोनॅकोलिन-के सापडतं, जे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या लोव्हास्टॅटिन या औषधाचंच रूप आहे. म्हणजे रंग, विष आणि औषध तिन्ही एकाच भांड्यात. युरोपीय महासंघाने लाल तांदळाच्या पूरक आहारांतली सिट्रिनिनची मर्यादा किलोमागे २००० मायक्रोग्रॅमवरून २०२० मध्ये १०० वर आणली. युरोप आणि अमेरिकेत मोनॅस्कसच्या रंगाला खाद्यरंग म्हणून मान्यता नाही.

मार्च २०२४ मध्ये जपानच्या कोबायाशी फार्मास्युटिकल कंपनीने लाल तांदळाच्या पूरक गोळ्या बाजारातून परत मागवल्या. त्या घेतलेल्या शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल व्हावं लागलं होतं, अनेकांची मूत्रपिंडं बिघडली होती. तपासात पुढे आलं की उत्पादनात प्युबेरुलिक आम्ल होतं आणि त्याचं मूळ कारखान्यात शिरलेल्या दुसऱ्याच एका निळ्या बुरशीत होतं. मुख्य बुरशी निर्धोक असली तरी टाकीत घुसखोर शिरला की काय होतं, याचा हा धडा आहे.

म्हणून घरी ब्रेडवर किंवा भातावर आलेल्या रंगीत बुरशीपासून रंग काढण्याचे व्हिडिओ पाहून प्रयोग करू नयेत. त्या बुरशीची ओळख नुसत्या डोळ्यांना पटत नाही. तिचे बीजाणू श्वासातून आत जाऊ शकतात.

भारतात कायदा काय सांगतो?

खाण्यात वापरायच्या रंगांची यादी भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण ठरवतं. त्यात आठ कृत्रिम रंगांना मर्यादित प्रमाणात परवानगी आहे. नैसर्गिक रंगांमध्ये बीटा-कॅरोटीनसह कॅरोटिनॉइड, क्लोरोफिल, रायबोफ्लेविन, कॅरॅमल, अनाटो म्हणजे शेंदरीच्या बियांचा रंग, केशर आणि हळदीतलं कर्क्युमिन यांचा समावेश आहे. यातले बीटा-कॅरोटीन आणि रायबोफ्लेविन बुरशीपासून बनू शकतात. मोनॅस्कसचा लाल रंग या यादीत नाही. एखाद्या प्रयोगशाळेत नवा लाल रंग सापडला म्हणून तो जिलेबीत घालता येत नाही. त्याच्या विषारीपणाच्या चाचण्या आणि मान्यता हा वर्षांचा प्रवास असतो.

कापड, कागद, लाकूड किंवा रंगकाम यांसाठी नियम तुलनेने सोपे आहेत. त्यामुळे नवे बुरशीजन्य रंग बहुधा आधी तिथेच वाट शोधतात.

दुसरा कायदा आहे २००२ चा जैवविविधता कायदा. गावच्या मातीतली बुरशी ही देशाची जैविक संपत्ती मानली जाते. तिच्यावर आधारित शोधाचं पेटंट घ्यायचं तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची प्रक्रिया पार पाडावी लागते. व्यापारी वापरातून होणाऱ्या लाभाचा वाटा स्थानिकांपर्यंत जावा, ही या कायद्यामागची भूमिका आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असते ती यासाठीच.

महाराष्ट्रात याची पायाभूत तयारी कुठे आहे?

बुरशी टाकीत वाढवून मोलाचं द्रव्य काढण्याचं काम महाराष्ट्राला नवं नाही. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि तिथे पेनिसिलिन बनू लागलं. पेनिसिलिनही पेनिसिलियम बुरशीचंच द्रव्य. निर्जंतुक टाक्या, हवा, तापमान, शुद्धीकरण हे तंत्र रंगालाही तसंच लागतं.

पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेत भारताचा राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे. देशभरातल्या संशोधकांनी शोधलेल्या बुरशी तिथे ओळखल्या जातात, जपल्या जातात आणि संशोधनासाठी मिळतात. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा स्वतंत्र संग्रह आहे. पुण्याच्याच राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्राला पेटंटसाठी सूक्ष्मजीव जमा करून घेण्याचा आंतरराष्ट्रीय दर्जा आहे. मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था कापड आणि रंगांच्या शिक्षणासाठी ओळखली जाते.

म्हणजे एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला बांधावरच्या मातीत चांगली लाल बुरशी सापडली, तर तिची ओळख पटवण्यापासून ती सुरक्षित ठेवण्यापर्यंतच्या सोयी राज्यातच आहेत.

शिरूर कासारमध्ये हे जमेल का?

आधी जमेच्या बाजू. बुरशीला लागतो तो स्वस्त कच्चा माल. बीड जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, म्हणजे मळी आणि बगॅस आहे. कपाशीच्या पऱ्हाट्या, सरकीची पेंड, तुरीचं भुसकट, खाण्यालायक नसलेली बाजरी-ज्वारी आहे. पऱ्हाट्या तर अनेक ठिकाणी शेतातच जाळल्या जातात.

आता अडचणी. पऱ्हाटी आणि बगॅस बुरशीला जशाच्या तशा फार उपयोगी पडत नाहीत. त्यातल्या कठीण तंतूंवर आधी प्रक्रिया करून साखर मोकळी करावी लागते. मळीत साखर तयार असते, पण तिचा स्वतःचा काळपट रंग शुद्धीकरणात आडवा येतो. शिवाय मळीच्या साठवणुकीवर आणि वाहतुकीवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचं नियंत्रण असतं.

खरी अडचण पाण्याची आहे. एक साधं गणित करून पाहू. एका बुरशीने लिटरमागे एक ग्रॅम रंग दिला असं धरू. सुती कापडाच्या वजनाच्या दोन टक्के रंग लागतो असं मानलं, तर अर्ध्या किलोच्या एका साडीला १० ग्रॅम रंग, म्हणजे १० लिटर द्रव लागेल. शंभर साड्यांना एक किलो रंग आणि १००० लिटर द्रव. शुद्धीकरणात निम्मा रंग वाया गेला तर २००० लिटर. टाक्या धुणं, वाफ आणि थंड करण्याचं पाणी वेगळंच. ज्या भागात उन्हाळ्यात दहा-बारा हजार लिटरचा टँकर गावाच्या पिण्याचा आधार असतो, तिथे पाण्याचा पुनर्वापर न करता असा उद्योग उभा करणं योग्य ठरणार नाही.

हे गणित बदलू शकतं ते दोन गोष्टींनी. लिटरमागे रंगाचं प्रमाण वाढलं, तर पाणी त्याच प्रमाणात कमी होतं. ॲशब्याच्या सुधारित जातींनी लिटरमागे दहा ग्रॅमच्या वर रायबोफ्लेविन देऊन दाखवलं आहे, पण त्यामागे अनेक दशकांचं संशोधन आहे. दुसरं म्हणजे घन माध्यमाची पद्धत, जिला मुळातच पाणी कमी लागतं. दुष्काळी तालुक्यासाठी ती जास्त जवळची आहे.

वीज आणि तापमानही विसरून चालत नाही. मराठवाड्याचा उन्हाळा ४० अंशांच्या पुढे जातो आणि बुरशीला हवं २५ ते ३०. थंडावा राखण्याचा खर्च रंगाच्या किमतीत मिळवावा लागतो. भारनियमनात टाकीची हवा थांबली तर अख्खी खेप वाया जाते.

कापडावर रंग पक्का बसवणं हा आणखी एक टप्पा. नैसर्गिक रंग बहुधा तुरटी, लोहाचे क्षार किंवा हिरड्यासारखे तुरट पदार्थ वापरून धाग्याला बांधावे लागतात. काही रंग धुण्यात टिकतात पण उन्हात उडतात. रायबोफ्लेविन तर उजेडाने लवकर खराब होतं, त्यामुळे गोळीत चालतं पण साडीवर नाही.

म्हणून नजीकच्या काळात शिरूर कासारसारख्या ठिकाणी रंगाचा कारखाना उभा राहण्यापेक्षा तीन गोष्टी जास्त शक्य आहेत. महाविद्यालयांनी स्थानिक बुरशींचा शोध घेऊन त्या राष्ट्रीय संग्रहात जमा करणं. शेतातल्या टाकाऊ मालावर कोणती बुरशी किती रंग देते, याची काटेकोर नोंद ठेवणं. आणि हातमाग किंवा हस्तकलेसाठी, जिथे थोडा रंग लागतो आणि ग्राहक जास्त किंमत द्यायला तयार असतो, तिथे लहान प्रमाणावर चाचण्या घेणं.

कुणी गुंतवणुकीचा प्रस्ताव आणला तर काय विचारावं?

अळिंबी, कोरफड, सफेद मुसळी अशा अनेक गोष्टींच्या नावाने 'आम्ही माल विकत घेऊ' असं सांगून शेतकऱ्यांकडून पैसे घेतल्याच्या तक्रारी महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. बुरशीच्या रंगाच्या नावानेही असा प्रस्ताव येऊ शकतो. तेव्हा पाच प्रश्न विचारता येतात.

१. बुरशीचं पूर्ण शास्त्रीय नाव काय आणि ती कोणत्या मान्यताप्राप्त संग्रहातून आली?

२. विषारी द्रव्यांची तपासणी कोणत्या प्रयोगशाळेने केली आणि अहवाल कुठे आहे?

३. रंग कशासाठी आहे? खाण्यासाठी असेल तर तो अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या यादीत आहे का?

४. एका किलो रंगाला किती पाणी आणि वीज लागते, आणि सांडपाणी कुठे जाणार?

५. आज हा रंग कोण विकत घेतं, आणि त्याची पावती दाखवता येईल का?

या पाचपैकी एकाचंही उत्तर 'ते नंतर बघू' असं आलं, तर पैसे खिशातच ठेवलेले बरे. शंका असेल तर जवळचं कृषी विज्ञान केंद्र किंवा परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ इथे विचारणा करता येते.

थोडक्यात काय?

बुरशीपासून औद्योगिक रंग बनतो, हे सिद्ध झालेलं आहे. गोळीतला पिवळा आणि माशाच्या खाद्यातला गुलाबी ही त्याची रोजची उदाहरणं. लाल आणि निळ्या रंगांवर काम सुरू आहे, आणि सुरक्षितता व खर्च हे दोन अडसर अजून कायम आहेत.

ॲशब्याच्या प्रवासातून एक गोष्ट मात्र नक्की दिसते. कापसाची रुई नासवणारी बुरशी १९२६ मध्ये फक्त रोग म्हणून नोंदवली गेली आणि पुढे तिच्यावर एक उद्योग उभा राहिला. कारण कुणीतरी तिची नीट नोंद केली, ती जपून ठेवली आणि ती नेमकं काय बनवते हे मोजून पाहिलं. शिरूर कासारच्या बांधावर कोणत्या बुरशी आहेत, याची तशी नोंद करणं हे स्वस्त काम आहे. त्यासाठी कारखाना लागत नाही. एक चांगली प्रयोगशाळा, चिकाटीचे विद्यार्थी आणि पुण्यातल्या संग्रहापर्यंत पोचणारी एक पेटी पुरते.